पैलतीरावरून जुने गोवे

शहर पाहणे आणि बंदर पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शहर रस्त्याने येणाऱ्यासही दिसते. बंदराचे रूप मात्र पाण्यावरून येणाऱ्यासच नीट उलगडते, कारण ज्या हेतूने ते वसले तो हेतू पाण्याच्या बाजूस असतो. जुने गोवे पाहावयास येणाऱ्या आजच्या प्रवाशांविषयी, आणि त्यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रवासवर्णनांविषयी व माहितीपुस्तिकांविषयी आमचा जो आक्षेप आहे तो थोडक्यात हाच. ते शहर पाहतात आणि बंदर पाहावयाचे राहून जाते. बंदर राहिले म्हणजे नदीपलीकडील आमचे नार्वेही राहते, आणि गोपकपट्टण, एला, दिवाडी व नार्वे ही एकाच कथेची चार प्रकरणे आहेत हे ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात जुन्या गोव्याविषयीच्या काही प्रसिद्ध प्रवासवृत्तांतांचा परामर्श घेऊन, पाहण्याची ही रीत कशी घडत गेली व तिच्यात उणे काय राहिले, याचा विचार करावयाचा आहे. शेवटी आमच्या देवस्थानाच्या महाजनांस व कुळाव्यांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. कारण दोष एकाच तीरावर आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम आजचा प्रवासी जुन्या गोव्यास कसा येतो ते पाहू. पणजीहून निघून तो रायबंदरच्या लांब बांधावरून पूर्वेकडे येतो. हा बांध लिन्हारेस नामक विजरईने सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात घातला. प्रवासी ज्या सरकारी बसमध्ये बसलेला असतो तिच्यावर ‘कदंब’ हे नाव असते. पण ते नाव कोणाचे हे त्यास कोणी सांगत नाही. उतरल्यावर एका बाजूस बॉम जेझूसचे मंदिर, ज्याचे काम १५९४ साली सुरू झाले व ज्याची प्रतिष्ठा १६०५ साली झाली. दुसऱ्या बाजूस १५६२ साली आरंभिलेले से कॅथेड्रल. मग टेकडीवरील सेंट ऑगस्टीनचा भग्न मनोरा. हा मठ १८३५ साली ओस पडला, १८४२ साली त्याच्या चर्चचे छत कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला. त्यानंतर पुराणवस्तुसंग्रहालय, आणि शेवटी नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विजरईंची कमान. या कमानीखाली छायाचित्र घेऊन प्रवासी मागे फिरतो. तो ज्या जागी मागे फिरतो तेथून धक्का काही पावलांवर आहे, आणि त्या धक्क्यावरून दिवाडीस जाणारी फेरीबोट सुटते. परंतु जेथून पाहण्यास आरंभ व्हावयाचा तेथेच त्याचे पाहणे संपलेले असते.

यात प्रवाशाचा दोष थोडा आहे. १९८६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत या स्थळाचा समावेश केला तो ‘गोव्यातील चर्चे व मठ’ या नावाने. त्या वास्तू त्या मानास पात्र आहेत याबद्दल वाद नाही. त्यांची निगा राखली जाते याचा आम्हांस संतोष आहे. ख्रिस्ती बांधवांस त्या पूज्य आहेत, आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दशवार्षिक दर्शनास, जे अलीकडे नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले, सर्व धर्मांचे लोक जातात हेही आम्ही जाणतो. पण नावाचा परिणाम दृष्टीवर होतो. त्या नावात बंदर नाही, पेठ नाही, नदी नाही. म्हणून पुस्तिकांतही ती येत नाहीत. चर्चे कोणी व केव्हा बांधली हे वाचकास कळते. ती बांधण्याइतका पैसा या चिखलाच्या काठी कोठून आला, हा साधा प्रश्न मात्र त्यास पडत नाही.

जुन्या प्रवाशांस तो पडत होता. या किनाऱ्याचे वर्णन करणाऱ्या परदेशी लेखकांत इब्न बतूता हा विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात तो ‘संदापूर’ येथे आला व राहिला. हे संदापूर म्हणजे गोव्याचे बेट असे विद्वान सामान्यतः मानतात. त्याने आपला वृत्तांत पुढे १३५५ च्या सुमारास सांगून लिहवून घेतला. बेटावर छत्तीस गावे आहेत, भोवती खाडी आहे, आणि ओहोटीस तिचे पाणी गोडे व भरतीस खारे होते, असे तो सांगतो. बेटावर दोन नगरे आहेत, एक जुने हिंदूंचे व दुसरे मुसलमानांनी वसविलेले, हेही तो नोंदवितो. वर्णन चार ओळींचे आहे. पण भरती-ओहोटीने पाण्याची चव बदलते हे सांगणाऱ्या माणसाने बंदर पाहिले आहे यात संशय नाही. नाखव्यास जे कळावयास हवे ते त्याने प्रथम सांगितले. आजच्या कित्येक पानांच्या पुस्तिकेत ही एक गोष्ट आढळत नाही.

यानंतरचा थोर वृत्तांत लिन्स्खोटेन या डच गृहस्थाचा. हा १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी कारकून होता व त्याचा ग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. समीक्षेच्या दृष्टीने पाहता प्रवासवर्णनाचा हा उत्तम नमुना होय, कारण लेखकाची नजर वास्तूंपेक्षा व्यवहारावर आहे. सरळ रस्त्यावर, ज्यास पोर्तुगीज ‘रुआ दिरैता’ म्हणत, रोज सकाळी भरणारा लिलाव तो वर्णितो. तेथे अरबी घोडे, मसाले, कापड, मृतांच्या घरचे सामान आणि त्याचबरोबर गुलाम म्हणून विकावयास काढलेली माणसे यांची बोली होई. हिंदू दुकानदार, सोनार, कारागीर यांची दुकाने तो मोजतो. हिंदू वैद्य पोर्तुगीज बड्या लोकांप्रमाणे डोक्यावर छत्री धरवून रस्त्याने जातात व पोर्तुगीजही त्यांचीच औषधे घेतात, हे तो काहीशा नवलाने सांगतो. बेटावर फारसे पिकत नाही, शहराच्या पोटाला लागणारे जिन्नस पलीकडच्या मुलुखातून येतात, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. या ग्रंथाचे पुढे झाले काय, तेही सांगण्याजोगे आहे. पोर्तुगीजांनी गुप्त राखलेली जलमार्गांची माहिती लिन्स्खोटेनने युरोपास दिली. त्या माहितीच्या आधारे डच गलबते पूर्वेस येऊ लागली, आणि सतराव्या शतकात डच आरमाराने गोव्याचीच नाकेबंदी केली. वर्णिलेल्या बंदरावर असा परिणाम घडविणारे प्रवासवर्णन जगात क्वचितच असेल.

पण आमच्या प्रस्तुत विषयास सर्वांत उपयोगी अशी त्याची नोंद वेगळीच आहे. बेटावरून मुख्य भूमीवर जाण्याचे जे उतार होते, ज्यांस ‘पास’ म्हणत, तेथे चौकीदार असत. पलीकडे जाणाऱ्या एतद्देशीयाच्या उघड्या दंडावर शिक्का उमटविला जाई व परत येताना तो दाखवावा लागे, असे लिन्स्खोटेन लिहितो. ही एक नोंद शेकडो पानांच्या इतिहासास भारी आहे. ज्या नदीवरून जगातील माल मोकळेपणी येत होता त्याच नदीचा दुसरा तीर येथील माणसास दंडावर शिक्का घेतल्यावाचून गाठता येत नव्हता. भाजी, तांदूळ, लाकूडफाटा घेऊन रोज ये-जा करणारी ही माणसे कोणत्या गावची, त्यांची दैवते कोणती, ती संध्याकाळी कोठे परत जात, हे लिन्स्खोटेन सांगत नाही. त्याची नजर चौकीपर्यंत पोचते व थांबते. बंदराच्या उत्तम वर्णनकारासही पैलतीर दिसला नाही.

त्याच्यानंतर आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल मालदीव बेटांत जहाज फुटून, हालअपेष्टा सोसून १६०८ साली गोव्यास आला व १६१० पर्यंत राहिला. त्याच्या लेखनात शाही रुग्णालयाची स्तुती आहे, पेठेचा गजबजाट आहे. पण दृष्टी तीच. ‘गोवे पाहिले त्यास लिस्बन पाहावयास नको’ या अर्थाची पोर्तुगीज म्हण त्या वैभवाची साक्ष म्हणून आजही पुस्तिकांत छापतात. म्हणीतील मेख अशी की गोव्याचे मोल तीत लिस्बनच्या मापाने केलेले आहे. या भूमीची स्वतःची जुनी बंदरे, स्वतःची राजधानी, स्वतःचे देव यांच्या मापाने ते कोणी केले नाही.

पुढे शहर उतरणीस लागले. साथीचे ताप, डचांची नाकेबंदी, विजयनगर १५६५ साली पडल्यावर आटलेला घोड्यांचा व्यापार, अशी कारणे इतिहासकार देतात. १७५९ साली विजरईंचे वास्तव्य पणजीस गेले व १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. अशा ओस नगरीत १८४७ साली रिचर्ड बर्टन हा इंग्रज अधिकारी होडीने आला, संध्याकाळच्या उजेडात धक्क्याच्या पायऱ्यांशी लागला आणि चांदण्यात अवशेष पाहून गेला. १८५१ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात विनोद आहे, पांडित्य आहे आणि भरपूर कुत्सितपणाही आहे. आमच्या मते आजच्या प्रवासी वाङ्मयाचा जनक हाच. वैभव गेले, भग्नता राहिली, आणि त्या भग्नतेपुढे उभे राहून एक सुस्कारा टाकावयाचा, ही रीत त्याच्यापासून रूढ झाली. परंतु एका गोष्टीत तो आजच्या प्रवाशाहून पुढे होता. तो नदीने आला. विजरईंच्या कमानीची जी बाजू नदीकडे आहे, जिच्यावर वास्को द गामाची मूर्ती बसविलेली आहे, ती त्याने ज्या क्रमाने पाहावयास हवी त्या क्रमाने पाहिली. आजचा प्रवासी तीच कमान पाठमोरी पाहतो, व तिच्याखालून पलीकडे जाऊन पुन्हा वळून बघितल्यावाचून ती शहराची वेस होती हे त्यास उमगत नाही.

आता या वृत्तांतांत जे आले नाही त्याकडे वळू. जुन्या गोव्यास कोंकणीत ‘पोरणें गोंय’ म्हणतात. पण त्याहून जुने गोवे जुवारीच्या काठी आहे व त्यास ‘थोरलें गोंय’ हे नाव आहे. पोर्तुगीजांच्या ‘व्हेल्हा’ या विशेषणामुळे दोहोंचा घोटाळा अजूनही होतो. हे थोरले गोवे म्हणजे कदंबांचे गोपकपट्टण. कदंबांची राजधानी आधी चांदोर येथे होती. पहिल्या जयकेशीच्या काळी, अकराव्या शतकाच्या मध्यास, गोपकपट्टणास राजधानीचे महत्त्व आले. त्या काळचे ताम्रपट एक सुरस हकीगत सांगतात. सोमनाथाच्या यात्रेस जलमार्गाने निघालेल्या कदंब राजाच्या तारवाची डोलकाठी मोडली व त्यास गोपक बंदराचा आश्रय घ्यावा लागला. तेथे मदुमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केले. पुढे याच मदुमदाचा नातू जयकेशीच्या पदरी मोठा अधिकारी झाला. त्याच्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या तारवांवर कर लावून दिला गेला.

या हकीगतीचे मर्म देवस्थानच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. राजा यात्रेस निघाला होता. बंदराची प्रतिष्ठा ज्या प्रसंगातून वाढली असे त्याच्या वंशजांनी तांब्यावर कोरून ठेवले तो प्रसंग शिवदर्शनाच्या प्रवासातला आहे. यात्रा आणि व्यापार, देऊळ आणि धक्का, ही आज आपण निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतो. त्या काळी ती एकाच तारवात बसत होती. आणि त्याच कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर. त्यांच्या सुवर्णमुद्रांवर आपणांस सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभला आहे, असे बिरुद असे. समुद्रपारचे व्यापारी ज्या नाण्यावर विश्वास ठेवून माल उतरवीत त्या नाण्यावर देवाचे नाव होते. एका अर्थी बंदराच्या पतीस देव जामीन होता.

या देवाचे मूळ स्थान दिवाडी बेटावरील नार्वे. होय, नार्वे दोन आहेत. एक दिवाडीवर, एक डिचोली महालात, आणि मध्ये नदी. सप्तर्षींच्या तपाने, पाच नद्यांच्या संगमावर, सप्तधातूंचे लिंग प्रकट झाले असे परंपरा सांगते. स्थानाचे माहात्म्यच पाण्याच्या संगमाशी बांधलेले आहे. कदंबांनंतर बहामनी सैन्याने देऊळ उद्ध्वस्त केले; चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधवमंत्र्याने गोवे जिंकून देवाची पुनःस्थापना केली. १४७२ साली महमूद गावानाने गोवे पुन्हा बहामनी सत्तेखाली आणले. त्या सुमारास गोपकपट्टणाचे महत्त्व ओसरून मांडवीकाठचे एला वाढीस लागले होते. बहामनी राज्य फुटल्यावर हे बंदर आदिलशहाकडे गेले, आणि त्याच्याकडून २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने ते अखेरचे जिंकले. प्रवासी ज्यास ‘पोर्तुगीजांचे शहर’ म्हणतात ते आयते वसलेले बंदर होते. सेंट कायतान चर्चच्या आवारात काळ्या दगडाचे एक कोरीव दार उभे आहे. आदिलशाही राजवाड्याचे ते दार म्हणून ओळखले जाते व त्याची घडण देशी आहे. त्या एका दारात ही सगळी वंशावळ वाचता येते. पण बहुतेक पुस्तिकांत त्यास एका ओळीहून अधिक जागा मिळत नाही.

सोळाव्या शतकाच्या मध्यास तिसवाडीतील देवालये पाडली गेली त्यात दिवाडीचे सप्तकोटीश्वराचे देऊळही गेले. लिंगाचा उपयोग विहिरीच्या कठड्यावर पाणी शेंदण्याच्या कामी झाला व तेथून भाविकांनी ते रातोरात नदीपार नेले, अशी परंपरा आहे. पैलतीरी तेव्हा भतग्राम महालात विजापूरकरांचा अंमल होता. देवासह गावाचे नावही पलीकडे गेले. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेरणेची म्हाळसा यांनीही असेच पाणी ओलांडले. आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. प्रत्येक कुळाच्या स्मरणात ते आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की ही स्थलांतरे होड्यांतून झाली, बंदराच्या जलमार्गांनीच झाली, आणि ती करणारे नावाडी तेच होते जे एरवी तांदूळ व भाजी घेऊन शहरात जात. दंडावर शिक्का घेणारे हात आणि देव उचलणारे हात एकाच वस्तीतले. लिन्स्खोटेनची नजर जेथे थांबली तेथून पुढची गोष्ट ही.

आणि तिचा कळस १६६८ साली झाला. नार्व्याच्या देवालयाच्या दारावरील शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार या दिवशी श्रीशिवरायांच्या आज्ञेने देवालयाच्या कामास प्रारंभ झाल्याचे कोरलेले आहे. हे स्थळ विजरईंच्या राजधानीपासून एका बेटाच्या अंतरावर आहे. महाराजांनी जीर्णोद्धारासाठी निवडलेले दैवत गोव्याच्या जुन्या सार्वभौम राजवंशाचे होते, ही निवड साधी नव्हे. पुढे १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटाचा किल्ला घेतला तेव्हा विजरई आल्व्होरने आपला राजदंड संत झेवियर यांच्या शवपेटीत ठेवून शहर त्यांच्या स्वाधीन केले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. ती पुस्तिकांत चमत्कार म्हणून येते. ज्या पैलतीरावरून हे संकट आले तो पैलतीर मात्र त्या कथेत निनावी राहतो.

विद्वानांनी या बाबतीत प्रवाशांहून चांगले काम केले हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. जुझे निकोलाव द फोन्सेका या गोमंतकीय संशोधकाने १८७८ साली गोवे शहराचा ऐतिहासिक आलेख सिद्ध केला. जॉर्ज मोरायस यांनी १९३१ साली कदंबांच्या कुळाचा इतिहास लिहिला. सप्तकोटीश्वराच्या भक्त राजांचा हा इतिहास एका ख्रिस्ती गोमंतकीयाने लिहिला हे आम्हांस या भूमीचे भूषण वाटते. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात, जे १९६४ साली स्थापन झाले, विजरईंच्या तसबिरींबरोबर कदंबकालीन शिल्पे व वीरगळही आहेत. सामग्री आहे. उणीव आहे ती तिचा धागा जोडून सामान्य प्रवाशापुढे ठेवणाऱ्या लेखणीची.

आता आमच्या लोकांविषयी. देवस्थानांच्या माहात्म्यपुस्तिका आम्ही आवडीने वाचतो. त्यांत सप्तर्षी आहेत, विध्वंस आहे, शिवराय आहेत, बंदर नाही. कदंबांच्या नाण्यांचा उल्लेख आला तर अभिमानापुरता येतो. ती नाणी कोणत्या मालाच्या मोबदल्यात कोणाच्या हाती गेली हे येत नाही. अरब व्यापाऱ्याने आमच्या राजास साहाय्य केले ही गोष्ट तर बहुतेकांस ठाऊकच नाही. जर्जर इमारतीचा जीर्णोद्धार होऊन ११ फेब्रुवारी २०२३ रोजी देवालय पुन्हा खुले झाले तेव्हापासून लोकांची रीघ वाढली याचा आनंदच आहे. परंतु येणारा कुळावी मोटारीतून उतरतो, अभिषेक करतो, दीपस्तंभापुढे व शिलालेखापुढे छायाचित्र घेतो, प्रसाद घेऊन परततो. नदी तेथून दूर नाही. तिकडे तो जात नाही. जुन्या गोव्याचा प्रवासी कमानीपासून परत फिरतो, आमचा कुळावी दारावरच्या शिळेपासून. दोघांच्या मध्ये मांडवीचे पाणी आणि दिवाडीचे बेट आहे, आणि दोघेही त्याकडे पाठ करून उभे आहेत.

नुसत्या जखमेची आठवण ठेवणाऱ्या समाजास आपला पूर्वीचा विस्तार विसरावयास वेळ लागत नाही. सप्तकोटीश्वर हा निर्वासित देव आहे एवढेच आम्ही मुलांस सांगितले तर अर्धेच सांगितले. तो निर्वासित होता हे खरे. पण त्याआधी तो सोमनाथापर्यंत तारवे पाठविणाऱ्या, परधर्मी व्यापाऱ्यास आश्रय देणाऱ्या, स्वतःची सुवर्णमुद्रा पाडणाऱ्या राज्याचा अधिष्ठाता होता. शिलालेखापुढे मान लववावी हे योग्यच. पण त्या शिळेमागे उभे असलेले बंदर दिसले नाही, तर शिवरायांनी हेच दैवत का निवडले याचाही उलगडा होत नाही.

गोकुळाष्टमीस नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानास येणारी माणसे मात्र पाण्याकडे तोंड करून उभी राहतात. शास्त्रींच्या व पुस्तिकाकारांच्या आधी त्यांनी ही गोष्ट जपली आहे. तीर्थ म्हणजे मुळात उतार, पाणी ओलांडण्याची जागा, हा शब्दार्थ ती आचरणाने सांगतात.

मग जुने गोवे पाहावे कसे? आमची सूचना साधी आहे व ती एका दिवसात पार पडते. प्रथम थोरल्या गोव्यास जावे, जुवारीकाठी जांभ्या दगडाच्या तटाचे अवशेष पाहावे, आणि भरती-ओहोटीविषयी इब्न बतूताने काय सांगितले ते आठवावे. मग एला गाठून चर्चे पाहावी, ती पूर्ण आदराने पाहावी. संग्रहालयात तसबिरींइतकाच वेळ वीरगळांपुढे द्यावा. कायतानच्या आवारातील दाराशी व ब्रह्मपुरीच्या गोमंतेश्वरापाशी थांबावे. मग कमानीखालून धक्क्यावर यावे, फेरीबोटीत बसावे, आणि बोट निघाल्यावर मागे वळून पाहावे. चर्चांचे माथे झाडीवर दिसू लागतात व पाण्यापासून कमानीपर्यंतचे अंतर किती थोडे आहे ते कळते. येथे जहाज लागे, येथून माल चढे, हे मग कोणी सांगावे लागत नाही. दिवाडीवर कोटितीर्थाची जुनी तळी शोधावी. तेथून दुसऱ्या फेरीने पाणी ओलांडून नार्व्यास यावे व देवदर्शन घ्यावे. देवालयाचा अष्टकोनी बैठकीवरील घुमट पाहताना पलीकडच्या शहराची वास्तुभाषा येथवर कशी आली, याचाही विचार करावा. नदीवर चौकी होती, शिक्के होते, तरी गवंड्यांची कला अडली नाही.

उलट दिशेने हाच प्रवास आमच्या कुळाव्यांनी करावा. देवदर्शन झाल्यावर नार्व्याच्या धक्क्यावर जावे, मुलांबाळांसह दिवाडीस उतरावे, मूळ स्थान पाहावे आणि पुढच्या फेरीने एल्यास जावे. पेडण्याहून, डिचोलीहून किंवा मुंबईहून येणाऱ्यास याला अर्धा दिवस अधिक लागेल. देवस्थानाच्या पुस्तिकेत या मार्गाचा एक नकाशा आणि जुन्या गोव्याच्या पुस्तिकेत नार्व्याविषयी एक प्रकरण, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

फेरीबोटींच्या जागी कोठे ना कोठे पूल मागितले जातात, व रोजच्या प्रवाशाच्या सोयीसाठी ते होतीलही. त्यांस आमचा विरोध नाही. पण पुलावरून जाणाऱ्यास नदी ही अडचण वाटते आणि बोटीतून जाणाऱ्यास ती वाट वाटते. या शहराचे ऐश्वर्य, आमच्या देवाचे स्थलांतर आणि त्याची पुनःप्रतिष्ठा ही सर्व त्या वाटेवर घडली. फेऱ्या चालू आहेत तोवर ती वाट एकदा तरी पायाखाली, म्हणजे बोटीखाली, घालावी आणि मगच जुने गोवे पाहिले असे म्हणावे.